झिलईसाठी घराची जमीन जाळणारा कुंभार

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या परिसरात १९८० च्या दशकात झालेल्या उत्खननात भट्टीचे अवशेष, साचे आणि झिलईदार खापरांचा मोठा साठा सापडला. ही कर्मशाळा होती बर्नार पालिसी या सोळाव्या शतकातील कुंभाराची.

१५१० च्या सुमारास फ्रान्समध्ये जन्मलेला पालिसी मूळचा काचेवर चित्रे रंगविणारा कारागीर. सेंत या गावी स्थायिक झाल्यावर शुभ्र झिलईचा एक पेला त्याच्या पाहण्यात आला आणि त्याला ध्यास जडला. शिशामुळे वाळू कमी उष्णतेवर वितळून काचेचा थर बनतो आणि त्यात न विरघळणारे कथिलाचे कण त्याला शुभ्रता देतात. मध्ययुगात अरब कुंभारांकडून स्पेन व इटलीत पोहोचलेली ही विद्या पालिसीला शिकविणारे कोणीच नव्हते. मडकी फोडायची, प्रत्येक खापरीवर वेगळे मिश्रण लावायचे, भाजायचे आणि निष्कर्ष टिपायचा, हा क्रम पंधराहून अधिक वर्षे चालला. एकदा सरपण संपले तेव्हा त्याने बागेचे कुंपण, मेज आणि घराच्या जमिनीच्या फळ्याही भट्टीत घातल्या. पत्नीचा रोष, सावकारांचा तगादा आणि खोटी नाणी पाडत असल्याचा आळ त्याने सोसला.

अखेर यश आले. साप, सरडे, मासे, शिंपले यांच्या हुबेहूब आकृतींनी नटलेली त्याची रंगीत तबके गाजली. प्रोटेस्टंट असल्याने त्याला कैद झाली. मात्र राजमाता कॅथरिन द मेदिचीच्या आश्रयाने तो पॅरिसला आला. १५७५ पासून त्याने तेथे व्याख्याने दिली. झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते आणि जीवाश्म हे एकेकाळच्या सजीवांचे अवशेष आहेत, असे त्याने मांडले. १५८० च्या ग्रंथात त्याने झिलईचे घटक सांगितले. प्रमाण मात्र सांगितले नाही.

१५८८ मध्ये त्याला पुन्हा अटक झाली. धर्म बदलण्यास नकार देत हा वृद्ध कारागीर १५९० च्या सुमारास बॅस्तीयच्या तुरुंगात मरण पावला.

त्याने राखलेले गुपित पुढे खापरांनीच उघड केले. लूव्हरच्या प्रयोगशाळेत झालेल्या पृथक्करणात शिशाचे भरपूर प्रमाण असलेली झिलई आढळली. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे, जांभळट तपकिरीसाठी मँगेनीज आणि पिवळट छटांसाठी लोह वापरल्याचेही दिसून आले. ग्रंथातील वचनापेक्षा हातच्या प्रयोगाला मोठे मानणाऱ्या पालिसीच्या कामाचा उलगडा अखेर प्रयोगानेच झाला.