शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

'अंगणवाडी' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय, की तो कुणाच्या कामातून आला हे लक्षातच येत नाही. ते काम ताराबाई मोडक यांचं.

१९ एप्रिल १८९२ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला आल्या. पण संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या नोकरीसाठी गुजरातेत गेल्या. पोर सांभाळून कमावणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतलं.

१९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. पण गरिबांची पोरं काही येईनात. अशा वेळी आईबापांना नावं ठेवणं सोपं असतं. ताराबाईंनी कारण शोधलं. आई मजुरीला, थोरलीच्या कडेवर धाकटं, पोरगा गुरांमागे! मग त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, शिंपले, बिया, खडे घेऊन खेळवायचं. सगळं आयांच्या डोळ्यांदेखत.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र होती. धाकटं पाळणाघरात, म्हणून थोरली वर्गात. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. पुढे १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

आमच्या माहूरच्या डोंगरांवर रेणुकामाता आहे, अनसूयामाता आहे. आईपणाची पूजा आपण मनोभावे करतो. पण पोराचं वजन कमी भरलं, की तांड्यावरची आई मान खाली घालून बोलणी ऐकते. ऊसतोडीला गेली, तर निष्काळजी ठरते. मग ती पोराला आणायचंच टाळते.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी सेविका असाल, महिला मंडळात असाल. अशी आई भेटली, तर पोर का आणलं नाही असं दरडावू नका. तिला काय अडचण आहे, ते आधी विचारा. ताराबाईंनी सुरुवात तिथूनच केली होती.