गणिताचे मास्तर आणि सात कोटींची शिल्लक

स्मरणिकेत आपल्या हॉलमधल्या तसबिरींवर प्रत्येकाने एकेक लेख लिहायचा ठरलं, तेव्हा टिळक, फुले, सावित्रीबाई, आगरकर पटापट वाटले गेले. गोपाळ कृष्ण गोखले उरले. तू आकडेमोडीतली, तूच घे, असं म्हणून ग्रुपवर ते माझ्या गळ्यात घातले गेले. मीही जरा नाराजीनेच घेतले. गांधीजींचे राजकीय गुरू आणि ते गणिताच्या गृहपाठाचं रडणं, यापलीकडे मला तरी काही आठवत नव्हतं. तुम्हाला आठवतंय का? उदाहरण एकट्या गोपाळचं बरोबर आलं, गुरुजींनी शाबासकी दिली आणि तो रडायला लागला, कारण ते त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. गोष्ट खरी की मागाहून रचलेली, देव जाणे. पण पुढचं आयुष्य वाचताना ती पुन्हा पुन्हा आठवते.

जन्म ९ मे १८६६, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. निम्म्याहून जास्त पगार! पैसा कुणाच्या तोंडचा काढून येतो, हे या माणसाने अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी घरात पाहिलं. अठराव्या वर्षी बी.ए. होऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला वीस वर्षं द्यायची, पगार महिना पंचाहत्तर रुपये. तिथे गणित शिकवलं, अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. सरकारी अहवालातले आकडे कसे वाचायचे, हे मात्र न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली एकेक अर्ज पुन्हा पुन्हा लिहावा लागे.

१८९७ साली ते हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली. पण पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरच्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी कुणाचंही नाव न सांगता बिनशर्त माफी मागितली. देशभर छीथू झाली. भित्रा म्हणवून घेतलं. मला विचाराल तर गप्प बसणं सोपं होतं. एवढं मात्र खरं, की त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत जवळजवळ सगळे आकडे सरकारच्याच कागदांतले असतात.

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. मंडळ म्हणजे काय, तर सरकारी सभासदांचं कायमचं बहुमत. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आली. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना कुणब्याला ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क राहू नये, असा तिचा रोख. लोकांचं मत घेईपर्यंत थांबा, एवढीच मागणी होती, तीही फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठले. त्यांच्यामागून जे थोडे गेले त्यांत गोखले होते. इतक्या मवाळ माणसाने असं करणं तेव्हा फार गाजलं.

त्याच वर्षअखेर मेहतांच्या जागी त्यांची कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळावर निवड झाली. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. २६ मार्च १९०२ रोजी पहिलं भाषण. खजिन्यात सात कोटींची शिल्लक होती आणि अर्थसदस्यांचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. हिशेब असा: पूर्वी रुपया घसरून तेरा पेनींपर्यंत आला, विलायतेला पाठवायच्या रकमेचा बोजा वाढला, म्हणून कर वाढवले. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोनाचा अडीच रुपये झाला. पुढे रुपया सोळा पेनींवर स्थिर केला, बोजा हलका झाला, पण कर तसेच राहिले. मध्ये दोन भयंकर दुष्काळ पडून गेले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हतीच, उपाशी माणसाच्या मिठावरची जादा वसुली होती.

मी रोज सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कोड बरोबर, उत्तरही बरोबर, पण मूळ गृहीतकच जुनं झालेलं, ही सगळ्यांत अवघड चूक. ती त्यांनी विरोधी बाकावरून, हातात मत नसताना दाखवली. १९०३ मध्ये मीठकर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एका रुपयावर. श्रेय एकट्या गोखल्यांचं म्हणता येणार नाही, पण दरवर्षी उठून तेच मागणारे ते होते.

लष्करावरच्या वाढत्या खर्चाला त्यांचा विरोध होता. १९११ च्या जानेवारीत सरकारी खर्च का फुगतोय याची चौकशी करा, असा ठराव त्यांनी मांडला. आणि दोनच महिन्यांनी याच काटकसरी माणसाने खर्च वाढवणारं विधेयक आणलं: सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं, सुरुवात मुलग्यांपासून, दोन तृतीयांश खर्च सरकारचा, एक तृतीयांश स्थानिक संस्थांचा. यात विसंगती आहे असं मला आधी वाटलं होतं. मग १९०२ चंच भाषण पुन्हा वाचलं. शिल्लक कशावर खर्चावी, हे मागणं तिथेही आहेच.

विधेयक पडणार हे त्यांना ठाऊक होतं. १९ मार्च १९१२ रोजी ते पडलं. बाजूने १३, विरुद्ध ३८. सरकारकडून देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी १९१४ साली नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तीन वर्षांनी, ज्या मुंबई कायदेमंडळातून ते उठून गेले होते तिथेच, विठ्ठलभाई पटेलांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला, तूर्त नगरपालिकांपुरता.