आईला लिहिलेले पत्र

गोपाळ गणेश आगरकरांचे नाव घेतले की आपल्याला ‘सुधारक’ आठवतो, टिळकांशी झालेला वाद आठवतो. परीक्षेलाही तेवढेच विचारतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला पैशाचा भाग अधिक विचार करायला लावतो.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी त्यांचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. मध्येच कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे दिली. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असे सांगतात. आपल्या वसतिगृहातल्या पाण्याच्या तक्रारी त्यापुढे अगदीच किरकोळ वाटतात!

असा मुलगा एम. ए. होणार म्हणजे त्या काळी मोठी सरकारी नोकरी हात जोडून उभी. आईने इतकी वर्षे त्याच दिवसाची वाट पाहिली असणार. आणि मुलाने तिला पत्र लिहून कळविले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी माझा सर्व वेळ लोकांच्या कामी घालविणार आहे. हे पत्र पुष्कळदा गौरवाने सांगितले जाते. ते वाचताना त्या माउलीला काय वाटले असेल, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर शिक्षक झाले. १८८१ पासून ‘केसरी’चे संपादन केले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सभासदांनी थोडक्या वेतनावर काम करावे, असा दंडक होता.

पण संसार वाढला, दम्याने शरीर पोखरले, आणि वेतनवाढीचा व बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न निघाला तेव्हा आगरकर वाढीच्या बाजूने उभे राहिले. टिळकांना त्यात मूळ व्रताचा भंग दिसला. मतभेद आधीच होते, त्यात ही भर पडली. १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. आमच्या वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा बहुतेक मुले टिळकांच्या बाजूची निघाली. मला ते पटले नाही. दारिद्र्य स्वतः पत्करणे निराळे आणि ते पत्नी यशोदाबाईंवर व मुलांवर लादणे निराळे. चार रुपये अधिक मागणारा हा माणूस सरकारी नोकरीकडे तरी कधी वळला नाही.

१८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, तीही त्यांनी पाहिली. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून थोडे रुपये त्यांनी पुडीत बांधून बाजूला ठेवले होते, अशी हकिकत आहे. यशोदाबाईंना ती पुडी त्यांच्या उशाशी सापडली म्हणतात.