बेझंटबाई आणि लंडनचे स्कूल बोर्ड

ॲनी बेझंट हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या वस्त्रांतील, पांढऱ्याशुभ्र केसांची एक वृद्ध विदुषी उभी राहते. होमरूल चळवळ, अड्यारची थिऑसॉफिकल सोसायटी, १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद या गोष्टी आपण शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकातून पाठ केलेल्या असतात. परंतु हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवण्याच्या पाच वर्षे आधी याच बाईंनी लंडनच्या एका दरिद्री विभागातून स्कूल बोर्डाची निवडणूक लढविली आणि जिंकली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या जीवनातील हे लहानसे प्रकरण मोठे बोधप्रद आहे.

ॲनीचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडन येथे झाला. ती पाच वर्षांची असताना वडील वारले आणि घराची घडी विसकटली. आई मोठी जिद्दीची. मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून तिने हॅरो येथे बिऱ्हाड केले आणि तेथील प्रसिद्ध शाळेत शिकणाऱ्या मुलांना घरी ठेवून घेऊन चरितार्थ चालविला. मुलाची सोय लागली; मुलीचे काय? एलन मॅरियट नावाच्या एका प्रौढ कुमारिकेने ॲनीला आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलीप्रमाणे शिकविले. पुढे सहस्रावधी श्रोत्यांना खिळवून ठेवणाऱ्या या वक्तृत्वाचा पाया अशा रीतीने दुसऱ्याच्या औदार्यावर घातला गेला.

१८६७ साली फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकाशी तिचा विवाह झाला. एक मुलगा व एक मुलगी झाली. पण संसार सुखाचा झाला नाही. मुलीच्या जीवघेण्या आजारपणात ॲनीच्या श्रद्धेला तडा गेला. ख्रिस्ती धर्मातील काही तत्त्वे बुद्धीला पटेनात आणि पटत नसताना चर्चमध्ये गुडघे टेकणे मनाला मानवेना. १८७३ साली पतिपत्नी विभक्त झाली. मुलगा बापाकडे राहिला, धाकटी मेबल आईबरोबर आली. पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी नेत्याच्या सहवासात बाई लेखणी आणि वाणी चालवू लागल्या.

१८७७ साली या दोघांनी संततिनियमनावरील एक जुनी पुस्तिका जाणूनबुजून पुन्हा छापली. त्या काळात हा विषय उच्चारणेही अश्लील मानले जाई. खटला झाला, शिक्षा झाली, आणि पुढे तांत्रिक मुद्द्यावर ती रद्दही झाली. पण खरी शिक्षा वेगळीच होती. १८७८ साली न्यायालयाने मेबलचा ताबा बापाकडे दिला. ईश्वर न मानणारी आणि असले पुस्तक छापणारी स्त्री मुलीला वाढविण्यास लायक नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. लहानग्या मुलीला आईपासून तोडून नेण्यात आले. बाई त्या धक्क्याने आजारी पडल्या. हा घाव जन्मभर भरला नसावा.

यानंतर दहा वर्षे गेली. बाई समाजवादाकडे वळल्या होत्या. १८८८ च्या जूनमध्ये लंडनच्या पूर्व भागातील काड्यापेटीच्या एका मोठ्या कारखान्यातील मुलींची हलाखी त्यांनी आपल्या पत्रातून चव्हाट्यावर मांडली. तुटपुंजी मजुरी, क्षुल्लक कारणांवरून दंड आणि फॉस्फरसच्या विषाने सडणारे जबडे! जुलैत सुमारे १४०० कामकरी स्त्रिया संपावर गेल्या आणि काही आठवड्यांतच त्यांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. त्यांच्या नव्या संघटनेचे चिटणीसपदही बाईंनी पत्करले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्कूल बोर्डाची निवडणूक आली आणि बाई टॉवर हॅम्लेट्स या, कामकरी वस्तीच्या, विभागातून उभ्या राहिल्या.

येथे त्या बोर्डाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये लोकनियुक्त स्कूल बोर्डे निर्माण झाली. दर तीन वर्षांनी निवडणूक होई. स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत नव्हते. परंतु बोर्डाच्या निवडणुकीत कर भरणाऱ्या स्त्रीला मत देता येई आणि स्त्रीला उमेदवार म्हणून उभेही राहता येई. १८७० च्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस या दोघी लंडन बोर्डावर निवडून आल्या होत्या. विभागात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. त्यामुळे अल्पसंख्य पक्षालाही आपला माणूस निवडून आणणे शक्य होई.

बाईंच्या विरोधकांनी जुने प्रकरण उकरून काढले. नास्तिक बाई, बदनाम पुस्तकाची प्रकाशिका, नवऱ्याला सोडून आलेली; हिच्या हाती मुलांचे शिक्षण कसे सोपवायचे, असा प्रचार झाला. बाईंनी आपला कार्यक्रम स्पष्ट ठेवला. शिक्षण मोफत हवे, ते धार्मिक शिकवणुकीपासून मुक्त हवे, उपाशी मुलांना शाळेत अन्न मिळायला हवे, आणि बोर्डाची कामे करणाऱ्या ठेकेदारांनी मजुरांना रास्त मजुरी द्यायला हवी. मतमोजणी झाली तेव्हा १५ हजारांवर मते मिळवून बाई आपल्या विभागात पहिल्या आल्या. ज्या स्त्रीला न्यायालयाने एका मुलीची आई म्हणून नालायक ठरविले होते, तिच्याकडे दहा वर्षांनी लंडनच्या गोरगरिबांनी आपली सारी मुले विश्वासाने सोपविली. याहून मोठा न्याय कोणता?

बोर्डात मात्र काटकसरवाल्यांचे बहुमत होते. तरी १८८९ च्या आरंभीच बोर्डाने ठेकेदारांवर रास्त मजुरीची अट घालण्याचे मान्य केले. उपाशी पोटी अक्षरे डोक्यात शिरत नाहीत, हे बाई सभेत आणि सभेबाहेर सांगत राहिल्या. शिक्षण सक्तीचे, पण त्यासाठी गरिबाने दर आठवड्याला फी भरायची, ही विसंगती त्यांना असह्य होती. १८९१ च्या कायद्याने बहुतेक प्राथमिक शाळांतील फी बंद झाली. हे एकट्या बाईंचे श्रेय नव्हे. पण त्या लढ्यात त्यांचा आवाज मोठा होता. याच सुमारास आपल्याकडे काय स्थिती होती, हेही आठवावे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडली होती, आणि नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयकही पुढे फेटाळले गेले.

१८८९ साली बाई थिऑसॉफीकडे वळल्या आणि मुदत संपल्यावर १८९१ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. वयात आल्यावर दोन्ही मुले आपण होऊन आईकडे परत आली. १८९३ साली बाई हिंदुस्थानात आल्या. १८९८ मध्ये काशीला त्यांनी सेंट्रल हिंदू कॉलेज काढले, १९०४ मध्ये तेथेच मुलींची शाळा काढली. १९१६ साली लोकमान्यांनी एप्रिलमध्ये आणि बाईंनी सप्टेंबरमध्ये अशा दोन होमरूल लीग स्थापन झाल्या. महाराष्ट्र लोकमान्यांच्या लीगकडे, पण मुंबई शहर बाईंच्या लीगकडे, अशी कार्याची वाटणी होती. २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यार येथे बाईंचा देहान्त झाला.

बाईंची मते वारंवार बदलली, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नाही. ज्या समाजवादी मित्रांबरोबर त्यांनी निवडणूक लढविली, त्यांना त्यांचे थिऑसॉफीकडे जाणे म्हणजे पाठ फिरविणे वाटले. परंतु चर्च सुटले, निरीश्वरवाद सुटला, देशही सुटला, तरी शाळा सुटली नाही. पूर्व लंडनच्या गल्लीपासून काशीच्या घाटापर्यंत हे एक सूत्र अखंड आहे.

निवडणूक म्हटली की आपल्याला भित्तिपत्रके, घोषणा आणि गुलाल आठवतो. निवडून आल्यावर सभेत बसून ठेकेदाराच्या कराराची कलमे वाचणे आणि भुकेल्या मुलाच्या जेवणाचा हिशेब मांडणे, हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. अध्यक्षपदाच्या झगमगाटात बेझंटबाईंची ती तीन वर्षे झाकली गेली. आपण तरी ती विसरू नयेत.