झाशीत उतरलेली एमी

जिप्सी मॉथ हे विमान खरं तर हौशी लोकांचं. उघडी बैठक, पंखांवर कापड. रविवारी सकाळी हिरव्या शेतांवरून एक निवांत चक्कर मारायची नि जेवायला घरी परत. एमी जॉन्सन लंडनच्या स्टॅग लेन मैदानावर असंच उडायला शिकली. वकिलांच्या ऑफिसात नोकरी करून. पण हिला इंजिनही उघडून बघायचं होतं. १९२९ मध्ये तिने ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं.

हलला वडिलांचा मासळीचा धंदा. त्याच धंद्याचा छाप, ‘जेसन’, हे तिने विमानाला नाव दिलं आणि ५ मे १९३० ला क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. तोवर तिचा एकटीचा सगळ्यात लांबचा प्रवास लंडन ते हल! ही हिंमत की वेडेपणा, मला अजून ठरवता येत नाही.

आम्हा ग्वाल्हेरकरांना ती जवळची वाटते झाशीमुळे. कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आलं आणि बाईसाहेब थेट लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरल्या. पंखाला मार बसला. तो दुरुस्त करून पुढे कलकत्ता, रंगून, आणि २४ मे ला डार्विन. वेळेचा विक्रम मात्र हुकला.

युद्धात ती हवाई दलाची विमानं एका तळावरून दुसऱ्यावर पोचवायची. ५ जानेवारी १९४१ ला, खराब हवेत, टेम्सच्या मुखात पडली. वय ३७. तिला वाचवायला उडी घेतलेला नौदल अधिकारीही गेला. तिचा देह सापडलाच नाही.

जेसन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तिला कबर नाही. नोव्हेंबरात आमच्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक मी तिच्यासाठी लावते.