संतश्रेष्ठ श्री निळोबाराय पिंपळनेरकर

मंदिरे ढासळतात आणि पुन्हा उभी राहतात, हे राळेगणकरांना वेगळे सांगावयास नको. आपल्या श्री यादवबाबा मंदिराची लाकडे एके काळी दारूच्या भट्ट्यांखाली जळाली, आणि १९७५ नंतर त्याच मंदिराच्या जीर्णोद्धारापासून गाव सावरू लागले. अशा प्रसंगी शेजारच्या पिंपळनेरच्या निळोबारायांचे स्मरण करणे उचितच होय. वारकरी संप्रदायाची गुरुपरंपरा तुटते की काय अशा वेळी ती ज्यांनी सांभाळली, ते हे सत्पुरुष आपल्याच पारनेर तालुक्यातले.

निळोबांचे घराणे घोडनदी-शिरूरकडचे, कुलकर्णीपण सांभाळणारे. एके दिवशी ते देवपूजेस बसले असता सरकारी बोलावणे आले. पूजा पुरी झाल्यावर येतो म्हटले तर वरिष्ठांचा राग, आणि उठावे तर देवाचा अपमान. पूजा आटोपून त्यांनी दप्तर परत केले व त्या चाकरीचा कायमचा त्याग केला, असे सांगतात. भरल्या संसारात वतनावर पाणी सोडणे किती कठीण, हे शेतकऱ्याला तरी समजावून द्यावे लागणार नाही. त्यांच्या पत्नी मैनाबाई यांनी त्या निर्णयात साथ दिली, हेही विसरता कामा नये.

पुढे तीर्थयात्रा करीत असता त्यांना तुकोबारायांची थोरवी समजली. परंतु तुकाराम महाराज १६५० सालीच वैकुंठवासी झालेले! निळोबांच्या समाधीचे वर्ष १७५३ मानतात. म्हणजे दोघांमध्ये शंभर वर्षांहून अधिक अंतर. बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला, पण त्यांना पुढे देहूस जाऊन त्यांचे प्रत्यक्ष दर्शन घेता आले. निळोबांना तो मार्गच नव्हता. देहूस तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांची भेट झाली, तेव्हा तर ओढ अधिकच वाढली.

शेवटी अन्नपाणी वर्ज्य करून ते धरणे धरून बसले. भक्ताचा निर्धार पाहून साक्षात पांडुरंग समोर उभा राहिला. तेव्हा निळोबांनी देवालाच विचारले, की मी तुकोबांना हाक मारली असता आपणास कोणी बोलावले? देव दारी आला असता त्यास परत फिरविणारा असा शिष्य विरळाच! अखेर तुकोबांनी दर्शन देऊन मस्तकी हात ठेवला, अशी कथा आहे. ही आख्यायिका निळोबांच्या अभंगांतही उमटली आहे, म्हणून ती केवळ मागाहून रचलेली म्हणता येत नाही.

पिंपळनेरास स्थायिक झाल्यावर त्यांनी शेकडो अभंग रचले. त्यांत बाळक्रीडा आहे, गौळणी आहेत, तुकोबांची स्तुती तर जागोजागी आहे. मुलीच्या लग्नात घरी माणूसबळ व पैसा बेताचा. त्या वेळी विठू नावाचा कोणी गडी येऊन पाणी भरण्यापासून पंगती उठविण्यापर्यंत राबला आणि कार्य उरकताच दिसेनासा झाला, ही गोष्ट आपल्याकडील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असे. लग्नघरात पाणी भरणारा गडी किती मोलाचा, हे आपल्या दुष्काळी मुलखाइतके कोणास कळणार!

निळोबांचा अनुग्रह वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या शंकरस्वामींना लाभला, आणि शंकरस्वामींकडून तो मल्लाप्पा वासकरांकडे गेला. पंढरीच्या वारीतील वासकरांच्या फडाचे नाव कोणा वारकऱ्यास ठाऊक नाही? त्या फडाची गुरुपरंपरा मागे नेत गेल्यास ती पिंपळनेरच्या या माजी कुलकर्ण्यावरूनच तुकोबांपर्यंत पोहोचते.

पिंपळनेरास विठ्ठल मंदिर व निळोबारायांची समाधी आहे. आषाढी वारीसाठी त्यांची पालखी तेथूनच पंढरपुरास निघते.