दुर्बिणीत अडकला कोळ्याचा धागा

संगणकावरील नेमबाजीच्या खेळात पडद्याच्या मध्यभागी जी बारीक फुली दिसते, तिचे मूळ शस्त्रागारात नाही. ते इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील एका तरुण खगोलप्रेमीच्या दुर्बिणीत आहे. विल्यम गॅस्कॉइनचा जन्म १६१२ च्या सुमारास लीड्सजवळच्या एका जमीनदार घराण्यात झाला.

१६३० च्या दशकाच्या अखेरीस तो केप्लरने सुचविलेल्या रचनेची दुर्बीण हाताळीत होता. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल असते व नळीच्या आत प्रतिमा तयारच होत नाही. केप्लरच्या रचनेत दोन्ही भिंगे बहिर्गोल असल्याने ती नळीतच उमटते. नेमक्या त्या जागी एका कोळ्याने धागा ताणला आणि तो दूरच्या दृश्याइतकाच रेखीव दिसू लागला. दुसऱ्या कोणी तो पुसून टाकला असता. गॅस्कॉइनने तेथे मुद्दाम केस व धागे बसविले, आणि दुर्बिणीला नेम मिळाला. काळोख्या रात्री ते दिसेनासे झाले, की तो कंदिलातील मेणबत्तीचा उजेड आत सोडी. आजच्या बंदुकीवरील दुर्बिणीत फुली उजळते ती विजेवर, युक्ती मात्र तीच.

पुढे त्याने धाग्यांच्या जागी स्क्रूने जवळ-दूर सरकणाऱ्या दोन पट्ट्या बसविल्या. चंद्रबिंब त्यांच्यामध्ये पकडायचे व स्क्रूचे फेरे मोजायचे. त्यावरून बिंबाचा कोनीय व्यास निघे. हाच पहिला मायक्रोमीटर. १६४० मध्ये विल्यम क्रॅबट्री तो पाहून थक्क झाला. त्याने ही वार्ता, १६३९ चे शुक्राचे अधिक्रमण ज्याने वर्तविले होते, त्या जेरेमाया हॉरॉक्सला कळविली. हॉरॉक्स १६४१ च्या जानेवारीत वारला.

मग यादवी युद्ध पेटले. गॅस्कॉइन राजाच्या बाजूने उभा राहिला आणि २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, असे मानले जाते. वय जेमतेम बत्तीस. क्रॅबट्रीही त्याच वर्षी गेला. शोधाबद्दल एक ओळही छापून आली नव्हती.

सुमारे बावीस वर्षांनी पॅरिसच्या आद्रिआँ ओझूने अशाच यंत्राची घोषणा केली, तेव्हा लँकशायरचा रिचर्ड टाउनली पुढे सरसावला. गॅस्कॉइनचे यंत्र व पत्रे त्याच्या घराण्याने जपली होती. १६६७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातून त्याने गॅस्कॉइनचा अग्रहक्क मांडला. रॉबर्ट हूकने त्या यंत्राची आकृती काढून दिली. ग्रिनिच वेधशाळेच्या फ्लॅमस्टीडच्या १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अखेर गॅस्कॉइनचे वेधही छापले गेले.